वेचणीच्या हिशोबाचं अ‍ॅप तयार आहे. प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या नावानं काढू?

पऱ्हाटी_वावर (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढतोय.

घरचं नऊ एकर वावर आहे, सगळं कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. वेचणीला गावातल्या पंधरा-सोळा बाया येतात. संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं लावायचं, मी वजन ओरडून सांगायचं आणि आईनं वहीत मांडायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी हिशोब. अंधार पडत आला की एखादीचे किलो दुसरीच्या नावापुढं जातात. मागच्या हंगामात वहीवर पाणी सांडलं आणि दोन दिवसांचे आकडे पुसले गेले. बायांनी काही वाद घातला नाही, "माय, तू म्हणशील ते खरं" म्हणाल्या. पण आईला त्या रात्री झोप नव्हती. गरिबाच्या घामाचे आकडे आपल्या हातून गेले, हे तिला सहन झालं नाही.

मी बीएस्सी करून गावातच आहे. यूट्यूबवर फ्लटर (अ‍ॅप बनवायचं साधन) शिकलो आणि चार महिन्यांत एक अ‍ॅप बनवलं. नाव निवडायचं, वजन टाकायचं, आकडा पूर्ण स्क्रीनभर मोठा दिसतो, तो समोरच्या बाईला दाखवायचा, तिनं मान हलवली की जतन. आठवड्याची मजुरी आपोआप निघते. नेट लागत नाही, माहिती फोनमध्येच राहते.

आता आजूबाजूच्या गावांतले चार-पाच शेतकरी मागतायत. प्ले स्टोअरवर टाकावं म्हणतो. मामा म्हणतो पुण्यात त्याच्या मित्राचं खातं आहे, त्यावरून टाक, पैसे वाचतील. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष म्हणतात कंपनीच्या नावानं काढू. आई म्हणते, तू केलं तर तुझ्या नावानं. कोणाचं ऐकू? खर्च किती येतो आणि गावात बसून हे सगळं होतं का?

वऱ्हाडी_पाव्हणा (अकोट)

लय भारी काम केलं भाऊ! अ‍ॅप कोनाच्याबी नावानं टाका, पन आईले इचारल्याबिगर टाकू नका. 😄

टेकडीवरचा (नागपूर)

अभिनंदन. दहा वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गूगल प्ले कन्सोलची, म्हणजे प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकायच्या खात्याची, नोंदणी फी २५ डॉलर, तीही एकदाच. दरवर्षी भरावी लागत नाही. रुपयात दोन हजारांच्या थोडं वर जातं, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा. अ‍ॅपलचं खातं वर्षाला ९९ डॉलर आणि वर मॅक संगणक लागतो. तुमच्या बायाबापड्यांच्या हातात आयफोन नाहीत, तेव्हा तो विषय इथंच सोडू.

खातं दोन प्रकारचं असतं, वैयक्तिक आणि संस्थेचं. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस नावाचा नऊ आकडी क्रमांक लागतो. तो डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीकडून फुकट मिळतो, पण महिनाभर लागू शकतो. शिवाय संस्थेची वेबसाइट असावी लागते, आणि नाव-पत्ता सगळीकडे एकच असावा लागतो. वैयक्तिक खात्याला सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे: अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ टेस्टर, म्हणजे वापरून बघणारे, सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (ठरावीक लोकांपुरत्या चाचणीत) सामील असले पाहिजेत. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ वर आणला. संस्थेच्या खात्याला ही अट नाही.

खातं काढताना तुमच्याकडे खरा अँड्रॉइड फोन आहे हेही तपासतात. त्या फोनवर प्ले कन्सोलचं अ‍ॅप टाकून खात्री करून द्यावी लागते.

पुणेकर_मूळ_कारंजा

मामांच्या मित्राचं खातं आधीच चालू असेल तर नव्या माणसानं एवढा खटाटोप कशाला करायचा? जुन्या खात्याला १२ टेस्टरची अट नाही. चार दिवसांत अ‍ॅप वर येईल आणि हंगाम हातचा जाणार नाही. कापूस काय थांबणार आहे का? पुढच्या वर्षी स्वतःचं खातं काढा.

संत्राबाग (वरूड)

वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही. का ते सांगतो, कारण हे भोगलंय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ बागायतदारांनी मिळून आंबिया आणि मृग बहराच्या फवारणीच्या नोंदींचं एक अ‍ॅप करून घेतलं. पैसे आम्ही वर्गणीनं दिले. बनवणारा पोरगा हुशार होता, त्यानं अ‍ॅप त्याच्याच खात्यावर टाकलं. आम्हाला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. दीड वर्षानं तो नोकरीला बंगळूरला गेला. त्याच्या खात्यावरचं दुसरंच कुठलंतरी अ‍ॅप नियमात बसलं नाही, खातं बंद झालं, आणि त्यासोबत आमचंही अ‍ॅप स्टोअरवरून गेलं. ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांचं चालत राहिलं, पण नवा फोन घेतला की संपलं. पोराचा फोन लागेना. दोन हंगामांच्या नोंदी माझ्या जुन्या, काच फुटलेल्या फोनमध्ये अजून अडकून आहेत. तो फोन मी टाकत नाही.

भाऊ, खातं म्हणजे सातबारा समजा. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर खोदली तर पाणी कोणाचं? नातं गोड आहे तोवर ठीक, नंतर धुऱ्यावरून भांडण.

टेकडीवरचा

संत्राबाग यांनी लिहिलं त्याला दुजोरा. प्लेच्या धोरणातच आहे की एखादं खातं नियमभंगामुळं बंद केलं तर त्याच्याशी संबंधित खातीही बंद होऊ शकतात. म्हणजे मामांच्या मित्राची एखादी जुनी चूक तुमच्या पुढच्या स्वतःच्या खात्यालाही चिकटू शकते.

हल्ली टेलिग्रामवर "जुनं खातं विकत घ्या, टेस्टरची कटकट नाही" अशा जाहिराती फिरतात. त्यांच्या वाटेला कोणीही जाऊ नका, कितीही घाई असली तरी.

पुणेकर_मूळ_कारंजा

@संत्राबाग, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. माझा मुद्दा फक्त वेळेचा होता. खाती अशी साखळीनं बंद होतात हे मला माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो.

धानपट्टा (ता. साकोली, जि. भंडारा)

मला एक सांगा जी, प्ले स्टोअर पाहिजेच कशाला? एपीके, म्हणजे फोनवर थेट टाकता येणारी अ‍ॅपची फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. आमच्याकडं रोवणीच्या मजुरीचा हिशोब ठेवायला एका पोरानं असंच अ‍ॅप दिलंय, दोन वर्षं चालू आहे. ना फी, ना ओळखपत्र, ना बारा माणसं.

टेकडीवरचा

@धानपट्टा, चार शेतकऱ्यांसाठी चालेल. पण प्रत्येक सुधारणेला नवी फाइल पाठवायची, कोणाकडे कुठली आवृत्ती आहे ते लक्षात ठेवायचं. आणि "अनोळखी स्रोत" (प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकू देणारी सेटिंग) चालू करायची सवय लागली की उद्या कुणी पीएम किसानच्या नावानं बनावट एपीके पाठवली तर माणूस तीही टाकून मोकळा होतो. गावागावांत लोकांची खाती अशीच रिकामी होतायत. त्या एका कारणासाठी मी आता कोणालाच एपीके पाठवत नाही.

दुसरं म्हणजे गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की प्ले स्टोअरच्या बाहेरून येणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांनाही ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून हळूहळू बाकी जगात. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित वाटपाचं वेगळं खातंही ठेवणार आहेत. म्हणजे अ‍ॅप मोठ्या प्रमाणावर वाटायचं तर ओळख आज ना उद्या द्यावी लागणार.

धानपट्टा

बनावट एपीकेचा मुद्दा पटला जी. आमच्या गावात लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडून एकाचे पैसे गेले. मी त्या पोराला हा धागा दाखवतो.

मेळघाट_शिक्षिका (ता. धारणी)

मी धारणी भागात शिकवते. माझ्या वर्गातल्या लेकरांच्या घरी कोरकू बोलतात. पहिलीत आलेल्या लेकराला मराठी शब्द परका असतो, म्हणून मी आणि माझ्या भाच्यानं चित्र, कोरकू आवाज आणि मराठी शब्द असं छोटं अ‍ॅप केलं. आवाज गावातल्याच आज्यांचे आहेत. एका आजीनं "आमची बोली फोनात बोलते?" म्हणून स्वतःचाच आवाज सात-आठ वेळा ऐकला.

खातं माझ्याच नावानं काढलं. माझी भीती वेगळी होती, बाईमाणसाचं नाव-पत्ता जगाला दिसणार का? म्हणून सांगते. वैयक्तिक खातं असेल आणि अ‍ॅपमधून कमाई नसेल, तर प्लेवर आपलं कायदेशीर नाव, देश आणि आपण दिलेला ईमेल दिसतो. कमाई सुरू केली तर पूर्ण पत्ता दिसतो. मी अ‍ॅप फुकट ठेवलं, जाहिराती नाहीत, आणि फक्त या कामासाठी वेगळा ईमेल काढला. तुम्हीही तसा काढा पऱ्हाटीभाऊ, नाहीतर घरच्या ईमेलवर रोज दहा कंपन्या "तुमचं अ‍ॅप वर आणून देतो" म्हणून लिहितात.

बारावी_सायन्स (पुसद)

मी १७ वर्षांचा आहे. माझं पण अ‍ॅप आहे, एमएचटी-सीईटीच्या सरावाचं. मला खातं काढता येईल का?

मेळघाट_शिक्षिका

बाळा, १८ पूर्ण लागतात. आई-बाबांपैकी कोणी त्यांच्या नावानं काढायला तयार असेल तर त्यांना सगळं नीट समजावून काढता येईल, पण मग त्या खात्याची जबाबदारी त्यांची असते. नाहीतर तोवर अ‍ॅप घासूनपुसून ठेव. सीईटी आधी दे बरं.

वऱ्हाडी_पाव्हणा

मॅडम, फोनात बोलनाऱ्या आजीले आमचा रामराम सांगजा.

वाशीमचा_संचालक

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मी संचालक मंडळावर आहे. पऱ्हाटीभाऊंच्या अध्यक्षांचा सल्ला वाईट नाही, पण आत्ता तो लागू नाही असं माझं मत.

आम्ही कंपनीच्या नावानं खातं काढलं. काय काय लागलं ऐका. डी-यू-एन-एस मागवला तर कंपनी नोंदणीच्या कागदावरचा पत्ता "मु. पो." नं सुरू होणारा, विजेच्या बिलावर "अ‍ॅट पोस्ट", आणि फलकावर तिसराच. सगळं एकसारखं करण्यात पाच आठवडे गेले. मग वेबसाइट. मग खात्याचा मालक कोण, यावर मंडळाची बैठक. ज्या ईमेलवर खातं काढलं तो आमच्या सीईओचा खाजगी ईमेल होता. सीईओ बदलले. जुन्या माणसानं प्रामाणिकपणे सगळं हवाली केलं म्हणून निभावलं, नाहीतर कंपनीचं खातं कंपनीच्याच हातात राहिलं नसतं. संस्थेचं खातं काढायचंच असेल तर संस्थेच्या नावाचा ईमेल आधी काढा, त्याला दोन पायऱ्यांची सुरक्षा लावा आणि बॅकअप कोड तिजोरीत ठेवा.

एक मात्र आहे. पैशाचे व्यवहार, आरोग्य, व्हीपीएन, सरकारी सेवा अशा प्रकारांना संस्थेचंच खातं मागतात. तुमचं अ‍ॅप मजुरीची नोंद ठेवतं, पैसे पाठवत नाही की उसने देत नाही. तेव्हा अडचण येऊ नये. पण उद्या त्यात उचल द्यायची सोय घालाल तर गणित बदलेल.

पऱ्हाटी_वावर

सगळ्यांचे मनापासून आभार. संत्राबाग भाऊंचा सातबारा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

उद्या स्वतःच्या नावानं काढतो. पुढं अ‍ॅप मोठं झालं तर कंपनीकडं देता येतं का?

टेकडीवरचा

येतं. एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर अ‍ॅप हस्तांतर करायची सोय आहे. वापरणारे आणि त्यांचे अभिप्राय सोबत जातात. त्यासाठी दोन्ही खात्यांच्या नोंदणी फीच्या व्यवहाराचा क्रमांक लागतो, म्हणून २५ डॉलर भरल्याची पावती जपून ठेवा. पॅकेज नेम, म्हणजे अ‍ॅपचं आतलं ओळखनाव, मात्र विचार करून द्या. एकदा अपलोड केलं की बदलत नाही.

पऱ्हाटी_वावर

अडकलो. फी भरताना कार्ड नाकारलं जातंय. तीन वेळा केलं. खात्यात पैसे आहेत. आर्णीला शाखेत गेलो तर खिडकीवरच्या साहेबांनी "असल्या अ‍ॅपला पैसे भरू नका, फसवणूक असते" म्हणून परत पाठवलं.

लाडकी_तूर (दर्यापूर)

काळजीपोटी बोलले असतील. कार्ड कुठलं आहे? रुपे असेल तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या. प्रीपेड कार्ड चालत नाही. आणि व्हिसा असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये "आंतरराष्ट्रीय व्यवहार" आणि "ऑनलाइन व्यवहार" अशी दोन वेगळी बटणं शोधा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर ही दोन्ही बंदच येतात, आपण चालू करायची असतात. मर्यादा पाच हजार ठेवा आणि फी गेली की पुन्हा बंद करा. माझं यातच अडलं होतं, आणि आठ दिवस मी गूगललाच दोष देत बसले होते.

पऱ्हाटी_वावर

झालं!! ऑनलाइन चालू होतं, आंतरराष्ट्रीय बंद. लाडकी_तूर ताई, तुम्ही दर्यापूरला बसून माझी तीन दिवसांची डोकेदुखी घालवली.

ओळखपत्रालाही एकदा अडलं. चूक माझीच. पेमेंट प्रोफाइलमध्ये मी नाव-आडनाव लिहिलं होतं, ओळखपत्रावर आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव. ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं लिहिलं, फोटो दिवसाउजेडी ओसरीत काढला, दोन दिवसांत मंजूर.

टेकडीवरचा

छान. आता पुढचं. अ‍ॅप बंडल म्हणजे एएबी फाइल द्या, ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपला एपीके चालत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं अ‍ॅप अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ ला लक्ष्य करून बांधावं लागतं. कीस्टोअर फाइल (तिच्यात अ‍ॅपवर सही करायची किल्ली, म्हणजे अपलोड की, असते) आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी ठेवा. अपलोड की हरवली तर नवी मागता येते, पण त्यात दिवस जातात.

प्रायव्हसी पॉलिसी उघड्या वेबपानावर हवी, पीडीएफ चालत नाही. गिटहब पेजेस या सेवेवर फुकट होतं. तुमची माहिती फोनबाहेर जात नसेल तर डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये तसंच प्रामाणिकपणे लिहा. आयकॉन ५१२ बाय ५१२, वरचं मोठं चित्र १०२४ बाय ५००, निदान दोन स्क्रीनशॉट. नाव ३० अक्षरांत बसवा. वर्णन मराठीत टाकता येतं, मराठीतच टाका.

आणि बायांना एसएमएस पाठवायची सोय घालायचा विचार असेल तर थेट एसएमएसची परवानगी मागू नका. २०१९ पासून त्यावर कडक बंधनं आहेत. शेअरचं बटण द्या, माणूस स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेसेजवर पाठवेल.

पऱ्हाटी_वावर

एसएमएस खरंच घातला होता. काढून टाकला, शेअर बटण दिलं.

आता बारा टेस्टर. हे सोपं वाटलं होतं. गावात अँड्रॉइड घरोघरी आहे, पण जीमेल कोणाचं कोणाला माहीत नाही. दुकानदारानं फोन देताना काढून दिलेलं असतं. काल रात्री पारावर बसलो, एकेकाचा फोन घेऊन सेटिंगमधून ईमेल शोधून वहीत लिहिले. तेरा मिळाले. त्यांतल्या चार फोनवर "तुमचं उपकरण जुळत नाही" आलं.

लाडकी_तूर

त्या चार फोनवर अँड्रॉइड कितवं आहे? मिनएसडीके, म्हणजे अ‍ॅप कमीत कमी कुठल्या अँड्रॉइडवर चालेल तो आकडा, तपासा.

पऱ्हाटी_वावर

अँड्रॉइड ७ आहे चारही फोनवर! मी एका पॅकेजपायी (दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडपायी) मिनएसडीके २६ ठेवलं होतं, म्हणजे अँड्रॉइड ८. तो पॅकेज बदलून २४ केलं. ज्या बायांसाठी अ‍ॅप केलं त्यांच्याच घरचे फोन बाहेर राहत होते. ही टेस्टिंगची अट नसती तर मला हे कळलंच नसतं, मी माझ्या नव्या फोनवरच बघत बसलो असतो.

संत्राबाग

वा. बारावर थांबू नका. एकानं फोन बदलला किंवा चुकून बाहेर पडला की अकरा होतात. मी वरूडहून सहा ईमेल पाठवतो, सहाही खरोखर वापरणारे. आमच्या भागात संत्रा तोडणीला मजुरी नगावर की दिवसावर यावरून घोळ असतो, ते लोक तुम्हाला नवीन काहीतरी सुचवतील.

धानपट्टा

माझाही ईमेल घ्या जी. कापूस नाही माझ्याकडं, पण धान कापणीचा हिशोब टाकून बघतो.

वऱ्हाडी_पाव्हणा

मले बी घ्या. माहा फोन एवढा जुना हाय का त्याच्यावर चाललं म्हंजे ब्रह्मदेवाच्या फोनवर चालन.

मेळघाट_शिक्षिका

एक सुचवू? सगळ्या बाया वाचू शकतातच असं नाही. आकडा बोलून दाखवता आला तर? "अठ्ठावीस किलो" असा मराठीत आवाज. फोनमधलंच बोलणारं इंजिन वापरता येईल, पण आवाज घरचा असेल तर जास्त विश्वास बसतो. आमच्या आज्यांच्या आवाजावरून सांगते.

पऱ्हाटी_वावर

ताई, हे मला सुचलंच नव्हतं. शून्य ते शंभर आकडे आईच्या आवाजात घेतो. तीच वहीत मांडायची ना इतकी वर्षं.

(बारा दिवसांनी)

एकवीस टेस्टर आहेत. एक दिवस आमच्याकडं लाइन नव्हती, टॉवरही गेला होता. मला वाटलं चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतील. पण टेस्टर यादीत सामील असणं मोजतात, नेट गेल्यानं कोणी बाहेर पडत नाही, हे टेकडीवरच्या दादांनी फोनवर समजावलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

टेकडीवरचा

सामील असणं ही अट, पण चौदा दिवस झाल्यावर प्रॉडक्शनची, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायची, परवानगी मागताना ते विचारतात: टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललंत. तिथं खरं आणि तपशिलात लिहा. अँड्रॉइड ७ चा किस्सा, आईचा आवाज, वरूडची नगाची मजुरी, सगळं लिहा. बहुतेकदा सात दिवसांच्या आत उत्तर येतं.

वाशीमचा_संचालक

परवानगी मिळाली की कळवा. आमच्या कंपनीत साडेचारशे सभासद आहेत, बहुतेक सोयाबीन आणि तूर. सोंगणीच्या मजुरीचा पर्याय घाला म्हणजे आमच्या सभेत दाखवतो. खातं तुमच्याच नावानं राहू द्या. कंपनी वापरेल, सूचना देईल, मालकी मागणार नाही.

पऱ्हाटी_वावर

आज सकाळी ईमेल आला, प्रॉडक्शनची परवानगी मिळाली. आईला सांगितलं, तिनं आधी देवापुढं साखर ठेवली, मग विचारलं, "आता त्या जुन्या वहीचं काय करायचं?" वही ठेवली आहे, यंदाचा हंगाम दोन्हीकडं लिहिणार.

काल संध्याकाळचं सांगतो. रांगेत शेवटी एक म्हातारी बाई असते, तिला दिसतं कमी. तिचं गाठोडं लावलं, मी आकडा टाकला आणि फोन आईच्या आवाजात बोलला, "एकोणीस किलो". तिनं आईकडं बघितलं. आईचं तोंड बंद होतं. म्हातारीनं फोन हातात घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "पुन्हा म्हण."

मेळघाट_शिक्षिका

डोळे भरून आले. बटण पुन्हा दाबता येतं ना?

पऱ्हाटी_वावर

येतं ताई. कालपर्यंत लहान होतं, आज रात्री मोठं करतोय.

बारावी_सायन्स

दादा, मला मार्चमध्ये १८ पूर्ण होतात. तेव्हा कार्डाचं आणि ओळखपत्राचं तुम्हालाच विचारतो.

पऱ्हाटी_वावर

ये आर्णीला. टेस्टर मी जमवून देतो, यादी वहीत आहे.